डाव मोडल्यानंतर

पटावरच्या खेळांची आवड असलेली माणसे एकत्र आली, की सध्या काय खेळलात हा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि उत्तरादाखल गेल्या काही दिवसांत मांडलेल्या खेळांची नावे, भिडूंची संख्या, लागलेला वेळ, निकाल, कोणता खेळ पुन्हा मांडावासा वाटतो आणि कोणता खोक्यातच राहिलेला बरा, असा सारा तपशील पुढे येतो. या सांगण्याला, ते तोंडी असो वा वहीत टिपलेले असो, प्रस्तुत ग्रंथात ‘खेळनोंद’ ही संज्ञा वापरली असून तिचा उगम, तिची घडण, तिच्यातून मिळणारे ज्ञान आणि तिच्या मर्यादा हा या ग्रंथाचा विषय आहे. चार जणांनी फावल्या वेळात काय खेळले याची यादी त्या चौघांखेरीज कोणाच्या उपयोगाची, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. या ग्रंथाची भूमिका अशी, की पटावरच्या खेळांचा जो इतिहास आज हाती आहे तो मुख्यतः पटांचा आणि नियमांचा इतिहास असून खेळल्या गेलेल्या डावांचा नाही. आणि ही उणीव भरून काढण्याचे काम, बहुतांशी नकळत, खेळून झाल्यावर चार ओळी टिपून ठेवणाऱ्या हौशी खेळाडूंनी केले आहे.

ही भूमिका समजण्यासाठी प्रथम दोन शब्दांमधील भेद ध्यानात घ्यावा लागतो. ‘खेळ’ म्हणजे नियम आणि साहित्य यांची ठरलेली व्यवस्था: बुद्धिबळ हा खेळ आहे, सारीपाट हा खेळ आहे. ‘डाव’ म्हणजे त्या खेळाची एक वेळची, विशिष्ट माणसांनी विशिष्ट दिवशी केलेली, आरंभ आणि शेवट असलेली मांडणी. इंग्रजीत या दोन्ही अर्थांसाठी बहुधा एकच शब्द चालवून घेतला जातो. मराठीत मात्र हा फरक रोजच्या बोलण्यातच रुजलेला आहे, कारण ‘खेळ येतो’ आणि ‘डाव रंगला’ ही दोन विधाने मराठी माणूस कधीही एकमेकांच्या जागी वापरत नाही. खेळ टिकाऊ असतो. तो लाकडात, कापडावर, दगडात किंवा छापील नियमपुस्तिकेत शिल्लक राहतो. डाव मोडला की सोंगट्या गोळा होतात, पट गुंडाळला जातो, आणि त्या दोन तासांत जे घडले त्याचा मागमूस भिडूंच्या आठवणीखेरीज कोठेही उरत नाही.

खेळांच्या इतिहासातील अत्यंत समृद्ध पुरावेही याच मर्यादेत अडकलेले दिसतात. लिओनार्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ या काळात आजच्या इराकमधील उर या प्राचीन नगरीत उत्खनन केले, तेव्हा तेथील राजदफनभूमीत वीस घरांचे शंख-शिंपल्यांनी मढवलेले पट सापडले, आणि ते सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे आहेत. त्यांवर कसे खेळत असावेत याचा अंदाज पुढे ब्रिटिश म्युझियममधील अभ्यासक अर्व्हिंग फिंकेल यांनी इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील एका बाबिलोनी मृत्पट्टिकेच्या आधारे बांधला. म्हणजे पट मिळाला आणि पुष्कळशा प्रमाणात नियमही मिळाले; परंतु उरमध्ये हजारो वेळा खेळल्या गेलेल्या या खेळाच्या एकाही डावाचे वर्णन आज उपलब्ध नाही. स्पेनमध्ये दहावा अल्फॉन्सो या राजाच्या आज्ञेवरून १२८३ मध्ये सिद्ध झालेल्या प्रसिद्ध क्रीडाग्रंथात बुद्धिबळाच्या शंभरावर समस्या, फाशांचे खेळ आणि त्यांची सुंदर चित्रे आहेत; मात्र त्या चित्रांतील माणसे जे डाव खेळत बसली आहेत त्यांचा शेवट कसा झाला हे तो ग्रंथ सांगत नाही.

भारतीय परंपरेतही हीच गोष्ट आढळते. वेरूळच्या १४ व्या लेण्यात शिव आणि पार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत. शिल्पकाराने देवांच्या मुद्रांतून जिंकण्या-हरण्याचा भाव दाखवला, परंतु कोणते दान पडले हे दगडात उमटणे शक्य नव्हते. महाभारताच्या सभापर्वातील द्यूत हा भारतीय वाङ्मयातील सर्वाधिक परिणामकारक डाव म्हणता येईल, आणि तेथे युधिष्ठिराने प्रत्येक वेळी कोणता पण लावला याची तपशीलवार नोंद आहे. फासे कसे पडले आणि खेळ नेमका कसा चालला हे मात्र कवीला सांगण्याजोगे वाटले नाही. खंडोबाच्या लोककथांत म्हाळसेशी मांडलेला सारीपाट हरल्यामुळे देव बाणाईच्या वाड्यावर मेंढपाळ होऊन राहिला असे सांगितले जाते. या सर्व ठिकाणी डावाचा परिणाम महत्त्वाचा ठरला आणि डाव स्वतः गळून गेला. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचवलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या करमणुकीचे अनेक खेळ शास्त्रशुद्ध रीतीने वर्णिले आहेत, पण तेही वर्णन खेळ कसा असावा याचे आहे, कोणी कसा खेळला याचे नव्हे.

या सर्वसाधारण विस्मरणाला बुद्धिबळाचा अपवाद आहे, आणि तो अपवाद का घडला हे पाहणे उद्बोधक आहे. बुद्धिबळात फासा नाही, लपवलेली पाने नाहीत, प्रत्येक खेळी दोघांच्या डोळ्यांदेखत ६४ घरांच्या पटावर होते; त्यामुळे मोहरे कोठून कोठे गेले एवढे क्रमाने लिहिले, की संपूर्ण डाव कधीही पुन्हा मांडता येतो. अलेप्पोचा रहिवासी असलेल्या फिलिप स्टामा याने १७३७ मध्ये घरांना अक्षर आणि अंक देऊन खेळ्या लिहिण्याची आटोपशीर पद्धत छापली, आणि तिचेच सुधारलेले रूप आज जगभरच्या स्पर्धांत वापरले जाते. या पद्धतीमुळे बुद्धिबळाला स्वतःचे वाङ्मय मिळाले, आणि शेदोनशे वर्षांपूर्वीच्या खेळाडूची विचार करण्याची रीत आज अभ्यासता येऊ लागली.

अशा नोंदीचे मोल दाखवणारे एक उदाहरण भारतातीलच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कोलकात्यात वास्तव्य करणारा जॉन कॉक्रेन हा बॅरिस्टर त्या काळच्या नामांकित खेळाडूंपैकी एक होता, आणि त्याची गाठ बंगालच्या ग्रामीण भागातील महेशचंद्र बंद्योपाध्याय या ब्राह्मण खेळाडूशी पडली. महेशचंद्र देशी पद्धतीत तरबेज होते, आणि त्या पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर पुढे सरकत असे. त्यामुळे प्यादी सावकाश पुढे नेऊन उंटाला बगलेतून लांब कर्णावर आणून बसवण्याची त्यांची मांडणी युरोपीय खेळाडूंना अपरिचित होती. कॉक्रेनने आपण कोणाशी काय खेळलो हे लंडनला लिहून कळवले, ‘चेस प्लेअर्स क्रॉनिकल’ या मासिकात १८५० मध्ये त्याविषयी मजकूर छापून आला, आणि दोघांमधील अनेक डाव अशा प्रकारे जपले गेले. पुढे ज्या मांडण्यांना ‘इंडियन डिफेन्स’ हे नाव मिळाले, त्यांचा संबंध याच डावांशी जोडला जातो. महेशचंद्रांनी स्वतः ग्रंथ लिहिल्याचे माहीत नाही. त्यांची प्रतिभा आज दिसते ती समोर बसलेल्या माणसाने आपले अलीकडचे डाव दुसऱ्याला कळवले म्हणून. ज्यांच्याविषयी असे कोणी लिहिले नाही, ते किती असतील याची गणती करण्याचे साधनच नाही.

बुद्धिबळाची ही सोय बहुतेक इतर खेळांना मिळत नाही. ज्या खेळांत फासे पडतात, पत्ते पिसले जातात, चार-पाच भिडू एकाच वेळी एकमेकांशी सौदे करतात, हातातली पाने झाकलेली असतात आणि बोलणे हाच खेळाचा भाग असतो, त्यांतील प्रत्येक हालचाल लिहून काढणे व्यवहारात अशक्य असते, आणि लिहिली तरी ती वाचून डावाचा रंग समजत नाही. म्हणून अशा खेळांच्या नोंदीला निवड करावी लागते: काय लिहायचे आणि काय सोडायचे हे नोंदकर्त्याला ठरवावे लागते, आणि निवड आली की दृष्टी येते, शैली येते. बुद्धिबळाची नोंद सूत्रमय राहिली आणि इतर खेळांची नोंद गद्याकडे वळली, याचे कारण खेळांच्या घडणीतच आहे. खेळनोंद हा लेखनप्रकार म्हणून अभ्यासता येतो तो याच कारणाने.

असे गद्य सलगपणे लिहिले जाऊ लागले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी १९५४ मध्ये ‘टॅक्टिक्स’ हा युद्धखेळ, म्हणजे नकाशावर सैन्यतुकड्यांच्या चौकोनी सोंगट्या हलवून लढाईचे अनुकरण करणारा खेळ, प्रसिद्ध केला, आणि त्यांनीच उभारलेल्या ‘अॅव्हलॉन हिल’ या प्रकाशनसंस्थेने १९६४ मध्ये ‘द जनरल’ हे नियतकालिक सुरू केले. त्यात एखादा संपूर्ण डाव खेळी-खेळीने छापण्याची प्रथा रुजली. दोन्ही बाजूंचे खेळाडू आपापला हेतू सांगत आणि तिसरा तटस्थ जाणकार त्यावर भाष्य करी. त्याच सुमारास अॅलन कॅलहॅमर यांच्या १९५९ मधील ‘डिप्लोमसी’ या खेळाने वेगळ्या वाटेने हेच साधले. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या युरोपातील सात सत्तांचा हा खेळ वाटाघाटी, करार आणि विश्वासघात यांवर चालतो, आणि सात माणसे दिवसभर एकत्र बसवणे अवघड असल्यामुळे तो टपालाने खेळला जाऊ लागला. १९६३ मध्ये जॉन बोर्डमन यांनी ‘ग्राउस्टार्क’ हे पत्रक त्यासाठी सुरू केले. प्रत्येक फेरीच्या आज्ञा त्यात छापल्या जात, त्यामुळे डाव चालणे आणि डावाची नोंद होणे या दोन क्रिया तेथे एकच झाल्या.

तथापि, या ग्रंथाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची व्यक्ती म्हणजे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात राहणारे सिड सॅक्सन (१९२०–२००२). पेशाने अभियंता असलेल्या सॅक्सन यांनी ‘अॅक्वायर’ हा हॉटेलसंस्थांच्या विलीनीकरणाचा खेळ रचला, त्यांच्या ‘फोकस’ या खेळाला १९८१ मध्ये जर्मनीचा वर्षातील सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला, आणि १९६९ मधील त्यांचे ‘अ गॅमट ऑफ गेम्स’ हे पुस्तक आजही या क्षेत्रात आदराने वाचले जाते. यापेक्षाही दुर्मीळ अशी त्यांची कामगिरी म्हणजे त्यांच्या दैनंदिन्या. १९६० च्या दशकापासून तीसहून अधिक वर्षे त्यांनी कोणाशी काय खेळले, कोणती कल्पना सुचली, कोणता नियम बदलून पाहिला, कोणाचे पत्र आले, हे दिवसागणिक टिपून ठेवले. त्यांच्या घरातील खेळांचा प्रचंड संग्रह लिलावात विकला जाऊन विखुरला. दैनंदिन्या मात्र न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर येथे ‘द स्ट्राँग’ या क्रीडाविषयक संग्रहालयात अभ्यासकांसाठी सुरक्षित आहेत. विखुरलेल्या त्या संग्रहातील बहुतेक छापील खेळांच्या प्रती अन्यत्र शोधता येतात, कारण खेळ हजारोंनी छापला जातो. परंतु एखाद्या संध्याकाळी सॅक्सन यांच्या दिवाणखान्यात झालेला डाव एकदाच झाला, आणि त्याची एकमेव प्रत त्या दैनंदिनीतच आहे.

खेळनोंदीचा प्रसार व्हायला पुढे जे निमित्त घडले ते जर्मनीत. तेथील खेळसमीक्षकांनी १९७८ मध्ये एकत्र येऊन ‘श्पील देस यारेस’, म्हणजे ‘वर्षाचा खेळ’, या पुरस्काराची योजना आखली आणि १९७९ मध्ये पहिला पुरस्कार ब्रिटिश रचनाकार डेव्हिड पार्लेट यांच्या ससा-कासवाच्या शर्यतीवरील खेळाला दिला. १९८३ पासून एसेन शहरात खेळांचा वार्षिक मेळा भरू लागला. १९८८ मध्ये न्यूरेंबर्गच्या खेळणी-प्रदर्शनात जमलेल्या काही रचनाकारांनी पेल्याखाली ठेवायच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर सह्या करून असा निर्धार केला, की खोक्यावर रचनाकाराचे नाव छापणार नाही त्या प्रकाशकाला खेळ द्यायचा नाही. यानंतर खेळाला पुस्तकासारखा कर्ता मिळाला, आणि क्लाउस टॉयबर यांचा १९९५ मधील ‘कातान’, क्लाउस-युर्गन व्रेडे यांचा २००० मधील ‘कार्कासोन’, अॅलन मून यांचा २००४ मधील ‘टिकेट टू राइड’ अशा खेळांनी ही परंपरा जर्मनीबाहेर पोहोचवली. तासा-दीड तासात संपणारे, बहुधा कोणालाही मध्येच बाद न करणारे आणि सारे नशिबावर न सोपवणारे हे खेळ घराघरांत एकामागून एक येऊ लागले, आणि वर्षाकाठी डझनावारी नवे खेळ खेळणाऱ्याला आपण काय खेळलो हे लक्षात ठेवण्यासाठी वही घेणे अपरिहार्य झाले.

चांगल्या खेळनोंदीत काय असते याचे विवेचन या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात केले आहे. येथे तीन उदाहरणे पुरेशी आहेत. ‘कातान’मध्ये दोन फासे टाकून त्यांच्या बेरजेनुसार धान्य, लाकूड, विटा, लोकर आणि खनिज मिळते. दोन फाशांची ३६ दाने संभवतात. त्यांपैकी सहाची बेरीज पाच प्रकारे आणि बाराची एकाच प्रकारे येते, म्हणजे ७२ वेळा फासे टाकले तर सरासरीने सहा दहा वेळा आणि बारा दोन वेळा पडावेत. हरलेल्या भिडूला बहुधा असे वाटत राहते की सहा पडलेच नाहीत. कोणी प्रत्येक दान टिपून ठेवले असेल, तर सहा खरोखर कमी पडले की सहाच्या शेजारी वस्ती करण्यात उशीर झाला, हे शांतपणे पाहता येते. नोंद येथे स्मृतीची चूक दुरुस्त करते आणि रागाची जागा समजुतीला देते.

दुसरे उदाहरण डोनाल्ड व्हॅकॅरिनो यांच्या २००८ मधील ‘डोमिनियन’चे. या खेळात प्रत्येक भिडू डाव चालू असतानाच स्वतःचा पत्त्यांचा जोड घडवत जातो, आणि पहिल्या आवृत्तीच्या मूळ संचातील २५ प्रकारच्या राज्यपत्त्यांपैकी दहाच एका डावात मांडले जातात. दहांची निवड ३२,६८,७६० प्रकारे होऊ शकते. ‘डोमिनियन खेळलो’ एवढेच लिहिणाऱ्याने म्हणून फारच थोडे सांगितलेले असते. कोणते दहा मांडले होते हे लिहिले, तरच वाचणाऱ्याला तो डाव ओळखता येतो. तिसरे उदाहरण गणितज्ञ रायनर क्निझिया यांच्या ‘टायग्रिस अँड युफ्रेटिस’चे. त्यात चार रंगांचे गुण वेगवेगळे जमतात आणि शेवटी ज्या रंगाचे गुण सर्वांत कमी तोच आकडा भिडूचा निकाल ठरतो. केवळ अंतिम गुण लिहिणारी नोंद येथे डावाचा आशयच गमावते, कारण जिंकणाऱ्याने आपली दुबळी बाजू केव्हा आणि कशी सावरली हीच त्या डावाची कथा असते. तीनही उदाहरणांवरून असे दिसते, की प्रत्येक खेळाची नोंद त्या खेळाच्या स्वभावाप्रमाणे वेगळी लिहावी लागते आणि काय टिपावे हे कळणे म्हणजे खेळ कळणे होय.

नोंदींची संख्या वाढली तसे त्या मोजण्याचे संकेतही निर्माण झाले. एका वर्षात पाच किंवा दहा वेळा खेळलेल्या खेळांची यादी वर्षअखेरीस जाहीर करण्याची प्रथा हौशी खेळाडूंत जुनी आहे. पुन्हा पुन्हा मांडला गेलेला खेळ हाच खरा आवडता खेळ, असा तिच्यामागचा विचार आहे. पदार्थवैज्ञानिक होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये संशोधकाच्या कामाचे मापन करण्यासाठी सुचवलेला निर्देशांक खेळाडूंनीही उचलला: ज्याने किमान बारा खेळ प्रत्येकी किमान बारा वेळा खेळले आहेत त्याचा निर्देशांक किमान बारा. ही मापे नव्याच्या ओढीला आवर घालतात, कारण न उघडलेल्या खोक्यांची रास त्यांत एका अंकानेही भर घालत नाही. त्यांतील दोषही दुर्लक्षिता येत नाही. वीस मिनिटांचा खेळ एका संध्याकाळी पाच वेळा होतो आणि चार तासांचा खेळ महिन्यातून एकदाच जमतो. संख्या मोजली तर पहिला श्रेष्ठ ठरतो, वेळ मोजला तर दुसरा. आकडा वाढवण्यासाठी खेळ निवडले जाऊ लागले, की नोंद खेळाची सेविका न राहता धनीण होते, आणि या ग्रंथात जागोजागी याविषयी सावधगिरीचा इशारा दिला आहे.

गेल्या काही वर्षांत पटाने स्वतःच स्मरण ठेवावे असा एक प्रयोगही झाला आहे. रॉब डॅव्हियो यांच्या २०११ मधील ‘रिस्क लेगसी’ने आणि त्यांनी मॅट लीकॉक यांच्यासह रचलेल्या २०१५ मधील ‘पँडेमिक लेगसी’ने वारसा-खेळ हा प्रकार रूढ केला, त्यात प्रत्येक डावानंतर पटावर कायमचे स्टिकर चिकटवले जातात, शहरांना नावे दिली जातात, काही पत्ते फाडून टाकले जातात, आणि पुढचा डाव आधीच्या डावाच्या खुणा घेऊनच सुरू होतो. एरवी खेळ टिकतो आणि डाव विरतो; येथे डाव खेळावर कोरला जातो, आणि दोन घरांतील एकाच खेळाच्या दोन प्रती वर्षभरात एकमेकींसारख्या राहत नाहीत. ज्या इच्छेतून हौशी खेळाडू वही उघडतो, तीच इच्छा येथे रचनाकाराने खोक्यात भरली आहे.

मराठी वाचकाला या विषयाशी असलेले नाते दोन अंगांनी जाणवेल. पुणे-मुंबईसारख्या शहरांत शनिवार-रविवारी हे आधुनिक खेळ मांडून बसणारे गट आता दुर्मीळ राहिलेले नाहीत, आणि परदेशी स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांत ते मुलांच्या हातून घरात आले आहेत. या खेळाडूंच्या नोंदी बहुधा इंग्रजीत होतात, वस्तुतः पट, सोंगटी, दान, घर, भिडू, डाव, उतारी, रडीचा डाव अशी नेमकी शब्दसंपदा मराठीजवळ पूर्वीपासून आहे, आणि ती वापरली तर नोंद अधिक नेटकी होईल. दुसरे अंग अधिक निकडीचे आहे. सोंगट्यांचा पट, कवड्या किंवा चिंचोके टाकून खेळला जाणारा चल्लस-आठ, वाघ-बकरी या खेळांचे पट लेण्यांच्या ओट्यांवर आणि जुन्या वाड्यांच्या फरशीवर कोरलेले आढळतात आणि त्यांचे नियमही संग्राहकांनी काही प्रमाणात लिहून ठेवले आहेत. परंतु हे खेळ घरोघरी थोड्याथोड्या फरकाने खेळले जात असत, आणि कोणत्या घरात सोंगटी मारल्यावर आणखी एक दान मिळे, कोणत्या घरात नाही, कोण कोणाला चिडवी, कोणता डाव रात्रभर चालला, हे सारे आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या माणसांच्या स्मरणात आहे. नियम लिहिले म्हणजे खेळ वाचला असे समजणे चुकीचे ठरेल; डाव आठवणारी माणसे आहेत तोवर डाव लिहून घेणे हे काम आजच व्हायला हवे, आणि ते करण्यास विद्यापीठाची पदवी लागत नाही, समोर बसून ऐकण्याची तयारी लागते.

ग्रंथाची मांडणी तीन भागांत आहे. पहिल्या भागात नोंदीचा इतिहास, दुसऱ्यात नोंदीची घडण आणि भाषा, तिसऱ्यात नोंदींचा उपयोग, असा क्रम आहे. तिसऱ्या भागातील मुख्य प्रतिपादन असे, की एकदाच खेळून बनवलेले मत आणि दहा डावांनंतरचे मत यांत अनेकदा मोठे अंतर पडते, आणि हे अंतर दाखवू शकणारा एकमेव दस्तऐवज म्हणजे तारीखवार ठेवलेली नोंद. परीक्षण लिहिणारा बहुधा एका टप्प्यावर थांबतो, नोंद मात्र लेखकाचे मत बदलताना पकडते. नोंदींच्या मर्यादाही तेथे स्पष्ट केल्या आहेत: नोंद ठेवणारे थोडे, न ठेवणारे असंख्य, रंगलेला डाव लिहावासा वाटतो, कंटाळवाणा राहून जातो, जिंकणारा जास्त लिहितो आणि हरणारा कमी. नोंदीत एकट्या लेखकाचा नव्हे तर मेजाभोवतीच्या प्रत्येकाचा सहभाग असतो, म्हणून खाजगी व्यक्तींची नावे, त्यांचे रुसवे आणि घरगुती प्रसंग यांचा उल्लेख करताना त्यांची संमती महत्त्वाची मानावी, हे तत्त्व या ग्रंथात पाळले आहे.

सर्वांत शेवटी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. ‘अलीकडे काय खेळलात’ या प्रश्नात ‘कोणाबरोबर’ हा प्रश्न दडलेला असतो. वर्षानुवर्षे ठेवलेल्या वह्या चाळल्या तर खेळांची नावे बदलत जातात, भिडूंची नावे मात्र पुन्हा पुन्हा येतात, आणि मग एखाद्या पानानंतर त्यांतील एक नाव येईनासे होते. नोंदकर्त्याने त्याचे कारण लिहिलेले असतेच असे नाही. तरीही त्या माणसाने एका संध्याकाळी कोणती चूक केली, कोणत्या दानावर तो हसला, किती गुणांनी जिंकला, एवढे तेथे राहिलेले असते, आणि उरच्या राजदफनभूमीतील मढवलेल्या पटांपाशी नेमके तेवढेच नाही.